घाट उतरून विजयदुर्गला

सकाळचे सहा. कोल्हापूरच्या मध्यवर्ती बसस्थानकावर कोकणच्या गाडीची रांग फलाट ओलांडून पुढे गेली आहे. मे संपत आला आहे. पाऊस यायच्या आत ज्याला त्याला खाली जाऊन यायचं आहे. माझ्या पुढच्या म्हाताऱ्याच्या पायाशी गुळाचा रवा आहे, धोतराच्या फडक्यात बांधलेला. त्याला मुंग्या लागू नयेत म्हणून तो अधूनमधून फडकं झटकतो.

"पोरगी दिलीया वैभववाडीला. एकदा पाऊस लागला की मग कोण जातंय?"

गाडी येते. खिडकीतून रुमाल, पिशव्या, एक टोपी आत पडते. बाकडी भरतात. उरलेले दांडीला धरून उभे राहतात. "गगनबावड्यापातूर बसायला मिळणार न्हाई," कंडक्टर आधीच सांगून टाकतो.

रंकाळा मागे पडतो. फुलेवाडी, बालिंगे, कळे. दोन्ही बाजूंना ऊस, आणि उसात सोडलेलं पाणी. पुढे रानं लहान होत जातात, डोंगर जवळ येतात. गगनबावड्याला गाडी थांबते तेव्हा अंगावर गार वारा येतो. चहाच्या टपरीत बाहेरचा उजेड ढगाळ आहे. इथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो; ५५ किलोमीटर मागे राहिलेल्या कोल्हापूर शहराच्या वाट्याला त्याचा पाचवा हिस्सा येतो. टपरीमागे एक बाई पळसाच्या पानांच्या द्रोणात करवंदं विकते. आंबट आहेत, पण सगळे घेतात.

मग करूळ घाट. रस्ता एकदम खाली तुटतो. वळणावर ड्रायव्हर हॉर्न दाबून धरतो, समोरून भाजीचे रिकामे क्रेट घेतलेला टेम्पो वर येतो. रात्री भरून उतरला असणार. कोकणातल्या बाजारात घाटावरचीच कोबी-टोमॅटो असतात, दूधही घाटावरचंच. कानाला दडे बसतात. निम्म्या घाटात हवा बदलते. आता वारा लागूनही घाम वाळत नाही. पायथ्याशी माती लाल झालेली असते.

वैभववाडीला म्हातारा उतरतो. मुलगी न्यायला आली आहे. ती आधी गूळ घेते, मग वडिलांचा हात.

तळेऱ्याला महामार्ग लागतो. इथे गाडी अर्धा तास उभी. ऊन पत्र्यावर तापतंय, आत बसवत नाही, बाहेर सावली नाही. पुढचे पन्नासेक किलोमीटर मात्र संपूच नयेत असे आहेत. सडे लागतात. काळा पडलेला कातळ, त्यावर करपलेलं गवत, मध्येच जांभ्याचा गडगा आणि गडग्याआड हापूसची कलमं. मोसम सरला आहे. झाडांवर उरलासुरला आंबा आहे, पाखरांनी टोचलेला. पडेलला खोक्यांची एक थप्पी रस्त्याकडेला वाहनाची वाट बघते आहे. देवगड हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून खोक्यावर नाव ठळक छापतात. गिर्ये येतं. सड्यावर पवनचक्क्यांची पाती सावकाश फिरत आहेत.

आणि रस्ता संपतो. विजयदुर्ग. स्थानक, किल्ला, बंदर, सगळं हाकेच्या अंतरावर. गाडी बंद झाल्यावर पहिल्यांदा कानावर येतो तो माडांच्या झावळ्यांचा आवाज. समुद्र नंतर ऐकू येतो.

दुपारचा एक. वाडीतून चालतो. दोन घरं उघडी, तिसऱ्याला कुलूप. ज्या घरांत मुंबईकर आले होते तिथे निघायची गडबड दिसते: खळ्यात फणस, आंब्याचे खोके, दोरीने बांधलेली पिशवी. चार दिवसांनी या दारांना पुन्हा कुलपं लागतील. मुंबई-गोवा आगबोट या बंदरात थांबायची, तेव्हाही माणसं अशीच जायची, फक्त पाण्यावरून. हे दरवर्षीचं आहे. तरी रंगवलेल्या ओटीवरची बंद दारं बघताना मला वाईट वाटतं.

एका खळ्यात बाई रातांबे फोडत बसली आहे. फळाचे दोन तुकडे, आतला बियांचा गर बोटाने मिठाच्या पातेल्यात, साल सुपात. तिची नखं जांभळी झाली आहेत. काल वाळलेली सालं ती त्या रसात बुडवते, पिळते, पुन्हा उन्हात पसरते. असं चार-पाच दिवस. साल काळसर, मऊ आणि चिकट झाली की सोलं झाली.

"खयसून इलात?"

"कोल्हापूरसून."

"घाटावरसून! बसा सावळेक. पाणी देतंय."

पाणी नव्हे, कोकमाचं सरबत येतं, तांब्याभर. ती नवऱ्याला हाक मारते. तो छपरावर आहे. कौलं चाळून झाली, आता पडवीच्या पावसाळी अंगाला झाप बांधतो आहे. लाकडं रचून झाली. सुकी मासळी डब्यात भरायची आहे. पुढचे तीन-चार महिने या घराला पुरेल इतकं सगळं याच आठवड्यात आत जायला हवं.

ऊन कलायच्या आधीच किल्ल्यात शिरतो. पूर्वी चहूबाजूंनी पाणी होतं. आता खंदक बुजून रस्ता दरवाजापर्यंत जातो. एकामागे एक तीन तट. मूळ बांधकाम पन्हाळ्याच्या शिलाहार राजाचं, बाराव्या शतकाच्या अखेरचं, असं सांगतात. म्हणजे घाटावरून समुद्रापर्यंत यायची ही वाट आमची तेवढी जुनी. १६५३ साली छत्रपतींनी किल्ला घेतला, विजयदुर्ग नाव दिलं. मग आंग्र्यांचं आरमार. १७५६ साली इंग्रजांनी तो घेतला आणि बंदरातली गलबतं जळाली. सतरा एकरांत आता गवत, कोठारांच्या भिंती, तोफगोळ्यांचा ढीग. दगड इतका तापला आहे की चप्पल काढवत नाही.

समुद्राकडच्या बाजूला 'साहेबाचे ओटे' आहेत. १८ ऑगस्ट १८६८च्या ग्रहणात सूर्यप्रकाशात जी पिवळी रेषा दिसली, तिच्यातून हेलियमचा शोध लागला. गाव ती गोष्ट या ओट्यांशी जोडतं. २२ जानेवारी १८९८च्या खग्रास ग्रहणाला तर इंग्रज शास्त्रज्ञ इथेच दुर्बिणी मांडून बसले होते. आज ओट्यावर एक शेळी उभी आहे. खाली लाटा तटाला धडकतात. तट काही ठिकाणी ढासळला आहे, निखळलेले चिरे पाण्यात दिसतात. डागडुजीला आणखी किती पावसाळे थांबायचं, हा प्रश्न इथे उभं राहिल्यावर टाळता येत नाही.

वाघोटण खाडीपलीकडचा किनारा रत्नागिरी जिल्ह्यातला. अलीकडचा सिंधुदुर्ग, १९८१ पासून. खाडीला त्याचं काही नाही. वारा फिरला की दोन्हीकडच्या होड्या एकदम आत वळतात.

साडेचारला बंदर जागं होतं. होड्या लागतात, टोपल्या उतरतात, बर्फ फोडल्याचा आवाज सुरू होतो. बांगडा, तारली, थोडी कोळंबी, दोन सुरमया. बायका टोपलीभोवती कडं करतात. लिलाव पुकारणारा भाव चढवत जातो, एक बाई नुसती मान हलवते आणि ढीग तिचा होतो. शब्द फार लागत नाहीत. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद, म्हणून शेवटच्या फेऱ्यांना घाई आहे.

पलीकडे वाळूवर होडी वर ओढायची आहे. इंजिन उतरवलेलं, जाळी काढलेली. खाली तेल पाजलेल्या फळ्या. दोराला दहा-बारा माणसं, त्यात दोन शाळकरी पोरं.

"ओ पावणे, बघतास काय? हात लावा मगे!"

पिशवी वाळूत टाकतो. दोर ओला आहे, तळव्याला काचतो. एकजण आरोळी देतो, सगळे एकदम मागे झुकतात, होडी करकरते आणि हातभर सरकते. पुढची फळी कोणीतरी पळत आणून टाकतो. पुन्हा आरोळी. माडांच्या ओळीपर्यंत न्यायची आहे, आणि खाडीत अजून दोन होड्या रांगेत आहेत.