दैनंदिन जीवनातील दम्याचे उद्दीपक घटक : गोंदिया जिल्ह्यातील धान उत्पादक परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

दमा हा श्वासनलिकांचा दीर्घकालीन दाहजन्य विकार होय. या विकारात श्वासनलिकांचे अस्तर सुजलेले व अतिसंवेदनशील असते. निरोगी माणसास फार तर एखादी शिंक आणणारी धूळ दमेकऱ्याच्या श्वासनलिकांभोवतीचे स्नायू आवळते, कफ वाढवते आणि श्वास बाहेर टाकणे कठीण करते. मूळ दाह आणि हा दाह भडकवणारे बाह्य घटक, म्हणजेच उद्दीपक, यांत भेद करणे आवश्यक आहे. उद्दीपक टाळल्याने लक्षणे कमी होतात, परंतु दाह आपोआप निवत नाही. भारतात दम्याच्या रुग्णांची संख्या सुमारे साडेतीन कोटी असल्याचा अंदाज आहे.

वैद्यकीय पुस्तकांतील उद्दीपकांच्या याद्या बहुतांशी पाश्चात्त्य घरांवरून तयार झालेल्या आहेत. त्यांत गालिचे, पाळीव मांजरे व बर्च वृक्षाचे पराग अग्रस्थानी असतात. गोंदिया तालुक्यातील बिरसी हे गाव दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी बांधलेल्या धावपट्टीमुळे व आजच्या विमानतळामुळे परिचित असले, तरी त्या परिसराचे जीवन धानाच्या हंगामाशी बांधलेले आहे. अशा ठिकाणी उद्दीपकांचा शोध गालिच्यात घेऊन चालणार नाही. तो बांधीत, खळ्यावर आणि चुलीपाशी घ्यावा लागतो.

धानाचा हंगाम आणि धूळ

खरीप धानाची कापणी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होते. कापलेल्या कडपा वाळवून पुंजणे रचले जातात व पुढे मळणी होते. मळणीयंत्रातून उडणाऱ्या धुळीत तुसाचे टोकदार कण, मातीतील सिलिका, कीटकांचे अवशेष, साठवणीतील सूक्ष्म कोळी आणि बुरशीचे बीजाणू असतात. अवकाळी पावसाने कडपा भिजल्या असतील, तर बुरशीचे प्रमाण वाढते. ज्या वर्षी पीक भिजते त्या वर्षी मळणीची धूळ अधिक घातक ठरते, म्हणजे शेतकऱ्याचे आर्थिक नुकसान आणि त्याच्या फुप्फुसाचे नुकसान एकाच वेळी पदरी पडते. राईस मिलमध्ये हमालांना हीच धूळ वर्षातील अनेक महिने सोसावी लागते.

धान्याच्या धुळीने किती मोठा अनर्थ ओढवू शकतो, याचे ठळक उदाहरण स्पेनमधील बार्सिलोना शहराचे आहे. 1981 ते 1987 या काळात तेथे 26 वेळा दम्याच्या तीव्र झटक्यांची अचानक साथ उद्भवली. बंदरात सोयाबीन उतरवले जाई त्याच दिवशी रुग्णालये भरत, हे ध्यानात येण्यास काही वर्षे लागली. कोठारांवर धूळ रोखणारी गाळणयंत्रणा बसवल्यानंतर साथ ओसरली. तेथील रुग्णांना कोणी शहर सोडण्याचा सल्ला दिला नाही. धूळ उगमापाशी अडवली गेली. मळणीच्या मजुरास ‘धुळीपासून दूर राहा’ असे सांगणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावयास हवे. त्या दिवसाची मजुरी सोडणे त्यास परवडत नाही. यंत्र वाऱ्याच्या दिशेने लावणे, भुसा उडणाऱ्या बाजूस दमेकऱ्यास उभे न करणे एवढे तरी शक्य असते. नाकाभोवती गुंडाळलेला दुपट्टा जाड कण अडवतो, सूक्ष्म कण नव्हे.

काळाचे अंतर आणि चुकीचा आरोपी

उद्दीपक ओळखण्यात सर्वांत मोठी अडचण काळाची आहे. ॲलर्जीकारक कणांमुळे होणारी प्रतिक्रिया पुष्कळदा दोन टप्प्यांत होते. पहिली काही मिनिटांत येते व ओसरते. दुसरी साधारण चार ते आठ तासांनी येते आणि अधिक काळ टिकते. शिवाय रात्री उशिरा व पहाटे श्वासनलिका स्वभावतःच काहीशा अरुंद होतात. परिणामी दुपारी मळणीवर राबलेल्या माणसास धाप मध्यरात्री लागते. तेव्हा घरच्यांस आठवते ते रात्रीचे जेवण, आणि दोष दही, केळी किंवा भाताच्या माथी येतो. अन्नाच्या ॲलर्जीने दमा उसळतो हे खरे, पण असे रुग्ण थोडे असतात. मुलांचे दूध-दही व फळे वर्षानुवर्षे बंद राहतात, धूळ मात्र तशीच चालू राहते. या प्रदेशातील कुपोषणाचा विचार करता हे पथ्य निरुपद्रवी म्हणता येणार नाही.

अशीच दिशाभूल वेदनाशामक गोळ्यांबाबत होते. कापणीच्या दिवसांत अंगदुखीवर किराणा दुकानातून घेतलेली ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेनची गोळी काही प्रौढ दमेकऱ्यांत तीव्र झटका आणते; ठपका मात्र कष्टावर ठेवला जातो. रक्तदाबावरील बीटा-ब्लॉकर गटातील औषधांबाबतही हीच सावधगिरी हवी.

घरातील धूर

हिवाळ्यात रात्री जमिनीलगतची हवा थंड व स्थिर राहते, त्यामुळे चूल, शेकोटी आणि पेटवलेले तणस यांचा धूर वर न जाता वस्तीवरच रेंगाळतो. उज्ज्वला योजनेने (2016) गॅस जोडण्या पोहोचल्या; तथापि सिलिंडर पुन्हा भरण्याचा खर्च आणि सरपणाची सहज उपलब्धता यांमुळे अनेक घरांत गॅस व चूल दोन्ही चालतात. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचण्यासाठी झाडाखालचा पालापाचोळा जाळण्याच्या प्रथेने त्यात भर पडते. विडीचा धूर तर बारमाही.

डासांच्या कॉइलकडे मात्र कोणाचे फारसे लक्ष जात नाही. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार एक कॉइल जळताना निघणाऱ्या सूक्ष्म कणांचे वस्तुमान 75 ते 137 सिगारेटींच्या बरोबरीचे असते. हिवतापाच्या प्रदेशात डासांकडे दुर्लक्ष करा असे कोणी म्हणू शकणार नाही. मच्छरदाणी हा त्यावरील धूरविरहित पर्याय आहे. पेटीतून काढलेल्या गोधड्यांतील धूलिकोळी, गाजरगवताचे पराग, दिवाळीचे फटाके हे घटकही याच परिसरातले.

विद्यार्थी आणि औषध

लहान मुलांत सर्वांत सामान्य उद्दीपक म्हणजे सर्दीचे विषाणू. शाळा-महाविद्यालये उघडताच संसर्ग पसरतो आणि त्यामागून खोकला येतो. धावल्यानंतर धाप लागणाऱ्या विद्यार्थ्यास खेळातून कायमचे वगळण्याची प्रवृत्ती आढळते. वास्तविक योग्य औषधोपचाराने बहुतेकांना खेळता येते. ‘पंपाची सवय लागते’ हा समज तर सुशिक्षित घरांतही दृढ आहे. श्वासावाटे घ्यावयाचे स्टेरॉइड मूळ दाहावर काम करते व त्याचे व्यसन लागत नाही. केवळ तात्पुरता आराम देणाऱ्या पंपावर विसंबणे धोक्याचे असल्याने 2019 पासून आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत प्रौढ व किशोरवयीनांसाठी तसा उपचार सुचवलेला नाही. एका श्वासात वाक्य पुरे करता न येणे किंवा ओठ निळसर होणे, ही विनाविलंब रुग्णालय गाठण्याची लक्षणे होत.

उद्दीपकाचा शोध घेण्यासाठी फुंकर मोजणारे पीक-फ्लो मीटर हे साधे, विजेविना चालणारे साधन पुरते. दोन ते चार आठवडे सकाळ-संध्याकाळचे आकडे लिहावेत आणि त्यांपुढे मागील बारा तासांतील काम, धूर, औषध व जेवण यांची नोंद करावी. मळणीच्या दिवसांचे आकडे सुटीच्या दिवसांपेक्षा सातत्याने खाली उतरत असतील, तर दह्याची वाटी पुन्हा ताटात येण्यास हरकत उरत नाही.