मोटारसायकलस्वार आणि हिवाळ्याचा वारा

बंगळूर हे शहर सौम्य हवामानासाठी प्रसिद्ध आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवर वसलेल्या या शहरात डिसेंबर-जानेवारीतील किमान तापमान सामान्यतः १५ ते १६ अंश सेल्सिअसच्या आसपास राहते. येथे नोंदले गेलेले सर्वांत कमी तापमान ७.८ अंश असून ती नोंद १३ जानेवारी १८८४ या दिवसाची आहे. निफाडच्या द्राक्षबागांतील किंवा महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठची थंडी ज्यांनी अनुभवली आहे, त्यांना हे आकडे फारसे भीतिदायक वाटणार नाहीत. तरीही याच शहरातून पहाटेच्या अंधारात नंदी टेकडीचा सूर्योदय पाहण्यासाठी निघालेल्या मोटारसायकलस्वाराची स्थिती तासाभरानंतर पाहण्यासारखी असते. वाहन थांबवून तो शिरस्त्राणाचा पट्टा सोडवू लागतो, तेव्हा बोटे त्याचे ऐकत नाहीत. हवा इतकी सौम्य असताना असे का व्हावे, हे समजून घेण्यासाठी आधी शरीर उष्णता कशी गमावते ते पाहिले पाहिजे.

वेगातून निर्माण होणारी थंडी

मानवी शरीर म्हणजे अखंड पेटलेली शेगडी होय. स्वस्थ बसलेल्या प्रौढ माणसाच्या शरीरातही १०० वॅटच्या दिव्याइतकी उष्णता सतत निर्माण होत असते. वहन, अभिसरण, प्रारण आणि बाष्पीभवन या चार मार्गांनी ती बाहेर पडते. वारा नसेल तेव्हा त्वचेलगतच्या हवेचा पातळ थर तापतो आणि पांघरुणासारखा अंगाभोवती टिकून राहतो. वारा सुटला की हा थर उडून जातो. त्याच्या जागी आलेली थंड हवा त्वचेची उष्णता घेते आणि तीही निघून जाते. हा क्रम अव्याहत चालू राहतो.

मोटारसायकलस्वार हा वारा स्वतःच निर्माण करतो. भोवतालची हवा अगदी निश्चल असली, तरी ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणाऱ्याच्या अंगावर ताशी ६० किलोमीटर वेगाचाच वारा आदळत असतो. पायी चालणारा किंवा सायकल चालवणारा माणूस श्रमामुळे अधिक उष्णता निर्माण करतो आणि थंडीची भरपाई करून घेतो. मोटारसायकलस्वाराच्या वाट्याला ही सोयही येत नाही. वादळी वारा सोसायचा, आणि तोही खुर्चीत बसलेल्या माणसाइतक्याच उष्णतेच्या बळावर, अशी त्याची अवस्था असते.

वाऱ्यामुळे थंडी किती वाढते, याचे मापन प्रथम अंटार्क्टिकात झाले. पॉल सायपल आणि चार्ल्स पॅसेल या संशोधकांनी तेथे एका लहान प्लॅस्टिकच्या नळकांड्यात पाणी भरून, निरनिराळ्या वाऱ्यांत ते गोठण्यास किती वेळ लागतो हे पाहिले. त्यांचे निष्कर्ष १९४५ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे २००१ मध्ये अमेरिका आणि कॅनडा या देशांनी अधिक अचूक सूत्र स्वीकारले. त्या सूत्रानुसार हवेचे तापमान १० अंश आणि वाऱ्याचा वेग ताशी ६० किलोमीटर असेल, तर उघड्या त्वचेला सुमारे ५ अंशांइतकी थंडी जाणवते. तापमान ५ अंश असेल तर हाच आकडा शून्याखाली २ अंशांवर जातो.

येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. हे आकडे उघड्या त्वचेपुरतेच खरे आहेत. वाहनाचे इंजिन किंवा बाटलीतील पाणी वाऱ्यामुळे हवेपेक्षा अधिक थंड होत नाही, ते केवळ लवकर थंड होते. दुसरे असे, की हे सूत्र १० अंश किंवा त्याहून कमी तापमानासाठीच आहे. बंगळूरच्या १५ अंशांना ते जसेच्या तसे लावता येणार नाही. परंतु त्यामागील क्रिया तीच राहते. शिवाय नंदी टेकडी १,४७८ मीटर उंच आहे. उंचीबरोबर तापमान दर हजार मीटरला साधारणपणे साडेसहा अंशांनी उतरते. शहर आणि टेकडी यांच्या उंचीत साडेपाचशे मीटरचे अंतर असल्यामुळे माथ्यावरची हवा तीन-साडेतीन अंशांनी अधिक थंड असू शकते.

याच सूत्रातून आणखी एक उपयुक्त गोष्ट निघते. १० अंश तापमानात ताशी ६० ऐवजी ३० किलोमीटर वेगाने गेल्यास जाणवणारी थंडी केवळ दीड अंशाने कमी होते. याचा अर्थ असा, की बहुतेक हानी वेगाच्या पहिल्या टप्प्यातच होऊन गेलेली असते. वेग आवरणे सुरक्षिततेसाठी आवश्यक आहेच, परंतु थंडीवरचा खरा उपाय म्हणजे वारा अंगापर्यंत पोहोचू न देणे.

बोटांचा प्रश्न

थंडी वाढू लागली की शरीर हृदय, मेंदू इत्यादी महत्त्वाच्या इंद्रियांची उष्णता राखण्याचा प्रयत्न करते. त्यासाठी हातापायांच्या त्वचेतील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. बोटांकडे जाणारे रक्त कमी होते आणि ती गार पडतात. बोटांच्या त्वचेचे तापमान १५ अंशांच्या खाली गेले, की त्यांचे कौशल्य स्पष्टपणे घटू लागते. स्नायू मंदावतात, सांधे आखडतात आणि पुढे स्पर्शाची जाणीवही बोथट होते.

पुढचा ब्रेक आणि क्लच हे दोन्ही बोटांनीच दाबायचे असतात, म्हणून ही बाब गंभीर ठरते. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे १६.७ मीटर अंतर कापते. आखडलेल्या बोटांनी ब्रेक दाबण्यास अर्धा सेकंद उशीर झाला, तर वाहन आठ मीटरांहून अधिक पुढे गेलेले असते. रस्ता ओलांडणाऱ्या माणसाच्या दृष्टीने हे आठ मीटर निर्णायक ठरू शकतात. हुडहुडी भरलेल्या माणसाचे लक्षही विचलित होते. तेव्हा ऊब राखणे ही केवळ सुखसोयीची गोष्ट मानता येणार नाही.

वस्त्रांचे कार्य

वस्त्रे स्वतः उष्णता निर्माण करीत नाहीत. स्थिर हवा धरून ठेवणे हे त्यांचे काम होय. आपल्याकडील गोधडी हे याचे उत्तम उदाहरण आहे. जुन्या लुगड्यांचे अनेक पातळ थर एकावर एक टाचले, की त्यांच्यामध्ये हवा अडकते आणि ऊब टिकते. एका जाड कपड्यापेक्षा अनेक पातळ कपडे बरे, हा नियम यातूनच निघतो. शिवाय ऊन वाढल्यावर ते एकेक करून उतरवताही येतात.

मात्र मोटारसायकलवर गोधडीचे तत्त्व अपुरे पडते. लोकरीचा स्वेटर घरात उबदार वाटतो, पण त्याच्या विणीतून वारा आरपार जातो आणि अडकलेली हवा हाकलून देतो. सर्वांत बाहेरचे वस्त्र वारा न शिरू देणारे असले पाहिजे. पहिल्या महायुद्धात उघड्या विमानांतून उडणाऱ्या वैमानिकांनाही हीच अडचण होती. सिडने कॉटन हा ऑस्ट्रेलियन वैमानिक एकदा तेलकट, मळकट कामाच्या पोशाखातच उडाला. इतर वैमानिक गारठले असता त्याला थंडी फारशी जाणवली नाही. कापडात मुरलेल्या तेलाने वाऱ्याची वाट बंद केली होती, हे त्याने ओळखले. त्यातून पुढे वैमानिकांसाठी ‘सिडकॉट’ पोशाख तयार झाला. त्याच्या थरांमध्ये वारा अडवणारे रेशमी कापड होते.

आज विंडचीटर किंवा चामड्याचे जाकीट हेच काम करते. तेही नसेल तर शर्ट आणि स्वेटर यांच्यामध्ये छातीवर वर्तमानपत्राच्या चार-सहा घड्या घालाव्यात. घाट उतरणारे युरोपातील सायकलपटू हा उपाय करीत आले आहेत. पावसाळी कोटही वारा चांगला अडवतो, परंतु त्यात घाम कोंडतो.

ओलावा हा दुसरा शत्रू होय. पाणी स्थिर हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेते. हिवाळ्याच्या पहाटे देवनहळ्ळीच्या परिसरात अनेकदा दाट धुके असते. त्याचे कण हातमोज्यांवर आणि गुडघ्यांवर साचतात. सुती कापड भिजले की त्याची ऊब जाते. लोकर ओलसर झाली तरी बरीचशी ऊब राखते. घोंगडी पांघरून पावसात उभ्या राहणाऱ्या धनगराला हे कोणी शिकवावे लागत नाही.

वारा शिरतो तो मुख्यतः गळा, मनगटे आणि कंबर येथील फटींतून. गळ्याभोवती मफलर गुंडाळावा, पण त्याची टोके जाकिटाच्या आत खोचावीत. मोकळे टोक चाकात किंवा साखळीत अडकले, तर प्राणावर बेतते. हातमोजे मनगट झाकणारे आणि किंचित सैल असावेत. घट्ट मोज्यांमुळे रक्ताभिसरण अडते आणि हवेलाही जागा उरत नाही. अरुंद बुटांत दोन-दोन पायमोजे घातल्यास पाय अधिक गारठतात, त्याचे कारणही हेच आहे. शिरस्त्राणाच्या काचेवर श्वासाची वाफ धरू लागली, तर काच किंचित उघडी ठेवावी. दृष्टीपेक्षा ऊब महत्त्वाची नाही.

सोबतचे प्रवासी

चालकाच्या मागे बसलेल्या व्यक्तीला वाऱ्यापासून काहीसा आडोसा मिळतो. पुढे बसवलेल्या लहान मुलाची स्थिती याच्या उलट असते. वारा प्रथम त्याच्या अंगावर येतो. त्यातच लहान शरीराचा पृष्ठभाग वजनाच्या मानाने मोठा असल्यामुळे ते लवकर थंड होते, आणि पुष्कळदा मुलाला आपला त्रास सांगताही येत नाही. सकाळी मुलाला शाळेत पोहोचवणाऱ्या पालकाने स्वतःला थंडी वाजते की नाही यावरून अंदाज न बांधता मुलाचे हात चाचपून पाहावेत. चार वर्षांखालील मुलाला शिरस्त्राण व सुरक्षापट्टा असावा आणि वेग ताशी ४० किलोमीटरपेक्षा अधिक नसावा, असा केंद्र शासनाचा नियम २०२२ मध्ये अधिसूचित झाला आहे.

थांबण्याची वेळ

एवढी दक्षता घेऊनही लांबच्या प्रवासात गारठा चढतोच. बोटांना ब्रेकच्या दांडीचा स्पर्श नीट कळेनासा झाला, की थांबण्याची वेळ आली असे समजावे. खाली उतरून दहा मिनिटे भराभर चालावे, हात खांद्यापासून गोल फिरवावेत आणि गरम चहा घ्यावा. तापलेल्या सायलेन्सरवर हात शेकू नयेत, कारण बधिर त्वचेला भाजल्याचे कळत नाही. मद्याने ऊब येते ही समजूत तर अत्यंत घातक आहे. मद्यामुळे त्वचेतील रक्तवाहिन्या प्रसरण पावतात. त्यामुळे क्षणभर उबदार वाटते खरे, पण शरीरातील उष्णता अधिक वेगाने बाहेर पडते, आणि वाहन चालवण्यास लागणारा विवेकही जातो.

बंगळूरची थंडी बर्फाळ प्रदेशासारखी उघडपणे इशारा देत नाही. निघताना ती सुखद वाटते आणि म्हणूनच लोक तयारीवाचून निघतात. तापमापकातील आकडा पाहताना त्यात आपल्या वाहनाचा वेग धरलेला नाही, एवढे ज्याने ध्यानात ठेवले, तो घरातून बाहेर पडतानाच हातमोजे चढवील.