सूर्य मावळला, म्हणजे काय झालं?

माझे वडील रुग्णालयात होते, तेव्हाची गोष्ट. एका सकाळी डॉक्टर म्हणाले, ‘‘आता यांना घरी न्यायला हरकत नाही.’’ आईचा चेहरा उजळला. देवापुढं साखर ठेवायला ती लगबगीनं घरी गेली. मी मात्र डॉक्टरांची खाली गेलेली नजर पाहिली होती. आता उपचार उरलेले नाहीत, असं ते सांगत होते. वाक्य एकच, पण आईनं ऐकलं ते वेगळं आणि मी ऐकलं ते वेगळं. मग अर्थ असतो तरी कुठं? शब्दात, बोलणाऱ्याच्या मनात, की ऐकणाऱ्याच्या?

हा प्रश्न आपल्याकडं फार जुना आहे. नवव्या शतकात काश्मीरमध्ये आनंदवर्धनानं ‘ध्वन्यालोक’ लिहिला. शब्दांच्या सरळ अर्थापलीकडं जे सूचित होतं, त्याला त्यानं ‘ध्वनी’ म्हटलं. पुढं मम्मटानं ‘काव्यप्रकाशा’त एका साध्या वाक्याचं उदाहरण घेतलं. ‘सूर्य मावळला.’ हे ऐकून गुराखी गुरं घराकडं वळवतो, दुकानदार माल आवरू लागतो, कुणी संध्येला बसतो, तर प्रियकराची वाट पाहणारीच्या मनात ‘अजून आला नाही’ अशी हुरहूर दाटते. वाच्यार्थ सर्वांना सारखाच. व्यंग्यार्थ मात्र ज्याच्या त्याच्या परिस्थितीप्रमाणं बदलतो.

ब्रिटिश तत्त्वज्ञ पॉल ग्राइस यांनी १९६७ साली हार्वर्ड विद्यापीठात दिलेल्या व्याख्यानांत हा प्रश्न दुसऱ्या बाजूनं हाताळला. त्यांच्या मते संभाषण हा सहकार्याचा व्यवहार आहे. समोरचा माणूस गरजेपुरतं, खरं, विषयाला धरून आणि स्पष्ट बोलतो आहे, असं आपण गृहीत धरतो. ‘चहा घेणार?’ या प्रश्नाला ‘आत्ताच जेवलो’ असं उत्तर आलं, तर त्यातला नकार आपल्याला बरोबर कळतो, तो या गृहीतावरच.

आपली मराठी अशा सूचनांनी भरलेली आहे. निघताना आपण ‘येतो’ म्हणतो. नारळ फोडत नाही, ‘वाढवतो’. इथं कुणाची फसगत होत नाही, कारण हे संकेत बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला, दोघांनाही ठाऊक असतात. अडचण येते ती संकेत एकालाच ठाऊक असला म्हणजे. रुग्णालयात नेमकं तेच झालं. डॉक्टरांना आईला दुखवायचं नव्हतं, हे मला समजतं. पण त्यांचा संकेत तिला कुठून माहीत असणार?

त्या दुपारी मी घरी जाऊन आईला सरळ शब्दांत सांगितलं. फार अवघड गेलं. वडील त्यानंतर आठ दिवस होते. आई त्यांच्या उशाशी बसून राहिली. दोघांचं पुष्कळ बोलणं झालं. मी सांगितलं नसतं, तर ते बोलणं उद्यावर पडत गेलं असतं.

ध्वनी हा काव्याचा आत्मा आहे, हे खरंच. पण ऐकणाऱ्याचे मोजके दिवस ज्या वाक्यावर अवलंबून असतात, ते वाक्य वाच्यार्थानंच बोलावं.