आधी कोणी दाबलं?

सोसायटीच्या गणेशोत्सवातल्या प्रश्नमंजुषेत उत्तरावरून वाद क्वचितच होतो. उत्तर मोबाइलवर लगेच तपासता येतं. वाद होतो तो आधी हात कोणी वर केला यावरून, कारण त्याचा पुरावा कुणाकडेच नसतो. प्रश्नकर्ता एका संघाचं नाव घेतो, दुसऱ्या संघातली मुलं हिरमुसतात आणि पुढच्या प्रश्नांत त्यांचं मनच लागत नाही. चार संघांसाठी बझर आणि टायमर असलेला खेळ घरी बनवायचा असेल, तर सुरुवात इथून करावी. दिवे, आवाज, गुणफलक हे नंतरचं. या यंत्राचं पहिलं काम निवाडा देण्याचं आहे आणि तो निवाडा हरलेल्या संघालाही पटला पाहिजे.

पहिल्याने बटण दाबलं की बाकीच्यांची बटणं बंद पडायची, याला लॉकआउट म्हणतात. मायक्रोकंट्रोलर हाताशी नसले तरी हे काम रिले करू शकतात. प्रत्येक संघाला एक रिले द्यायचा आणि त्याच्या कॉइलकडे जाणारी वायर बाकीच्या तिन्ही रिलेंच्या नेहमी जोडलेल्या संपर्कांमधून फिरवायची. एक रिले ओढला गेला की त्याचा तो संपर्क सुटतो आणि इतरांची वाट तुटते. शिवाय तो रिले आपल्याच दुसऱ्या संपर्कातून स्वतःला धरून ठेवतो आणि प्रश्नकर्त्याने रिसेट दाबेपर्यंत सोडत नाही. शाळकरी मुलाला हे तर्कशास्त्र शिकवायचं असेल तर मी अजूनही रिलेच वापरायला सांगेन. टक् असा आवाज होतो आणि काय घडलं ते डोळ्यांना दिसतं.

आता बहुतेक जण आर्डुइनो उनो हा मायक्रोकंट्रोलर बोर्ड घेतात. सामान मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत मिळतं, जोडणीही सोपी. पण इथेच एक अन्याय नकळत शिरतो. नवशिक्याचा प्रोग्रॅम साधारण असा असतो: पहिल्या संघाचं बटण दाबलंय का पाहा, नसेल तर दुसऱ्याचं, मग तिसऱ्याचं, मग चौथ्याचं, नंतर 50 मिलिसेकंद थांबा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करा. वर्गात हजेरी घेताना पहिल्या क्रमांकाच्या मुलाला आधी हाक मिळते, तसाच हा प्रकार. प्रोग्रॅम थांबलेला असताना चौथ्या संघाने आधी दाबलं आणि 20 मिलिसेकंदांनी पहिल्या संघाने दाबलं, तर जागा झाल्यावर प्रोग्रॅम पहिल्याकडे आधी पाहतो आणि त्यालाच विजयी ठरवतो. चौथा संघ खरोखर आधी होता, पण हे कुणाला कधी कळत नाही.

20 मिलिसेकंद ही क्षुल्लक बाब नाही. आवाज ऐकून बोट हलायला माणसाला साधारण 150 ते 200 मिलिसेकंद लागतात, प्रकाश पाहून त्याहून थोडे जास्त. दोन तयारीची मुलं प्रश्नाच्या एकाच शब्दावर टपून बसली असतील, तर त्यांच्या दाबण्यात अवघ्या दहा-वीस मिलिसेकंदांचं अंतर पडणं अगदी स्वाभाविक आहे. चुरशीचे प्रश्न याच फटीत अडकतात.

उपाय दोन आणि दोन्ही करायचे. पहिला म्हणजे प्रोग्रॅममध्ये कुठेही ‘डिले’ ही थांबवून ठेवणारी आज्ञा वापरायची नाही. डिस्प्ले, आवाज, टायमर यांना ‘मिलिस’ या अंतर्गत घड्याळावर चालवायचं, म्हणजे बटणांवरची नजर हटत नाही. दुसरा म्हणजे चारही बटणं एकाच पोर्टवर घ्यायची. उनोवर 2 ते 5 क्रमांकाच्या पिना एकाच पोर्टच्या आहेत, त्यामुळे त्या एका फटक्यात वाचता येतात. 16 मेगाहर्ट्झच्या त्या चिपचा एक ठोका 62.5 नॅनोसेकंदांचा असतो. चौघांची स्थिती एकाच क्षणाला टिपली की आधी कोणाकडे पाहायचं हा प्रश्नच राहत नाही. तरीही एकाच वाचनात दोन बटणं दाबलेली सापडली तर ती खरी बरोबरी. अशा वेळी यंत्राने चिठ्ठी टाकल्यासारखी निवड करावी आणि तसं होणार हे खेळ सुरू होण्याआधीच सर्वांना सांगावं.

बटणाच्या ‘बाउन्स’बद्दल बरीच भीती घातली जाते. बटण दाबल्यावर आतले धातूचे संपर्क काही मिलिसेकंद थरथरतात आणि एकदा दाबलेलं अनेकदा दाबल्यासारखं दिसतं, हे खरं. म्हणून सगळे बटण स्थिर होईपर्यंत थांबतात. बझरला त्याची गरज नाही. पहिला स्पर्श झाला की कुलूप लागलं, नंतरची थरथर निरुपद्रवी. थांबायचं ते रिसेटच्या आणि गुण वाढवायच्या बटणाला, नाहीतर एका दाबण्यात दोनदा गुण चढतात.

याउलट एका खऱ्या पळवाटेकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. एखादा हुशार मुलगा रिसेटच्या आधीच बटण दाबून धरतो. प्रश्नकर्त्याने खेळ खुला केला की त्याच क्षणी यंत्राला त्याचं बटण दाबलेलं दिसतं आणि तो दरवेळी जिंकतो. म्हणून खेळ खुला होताना जे बटण दाबलेलं असेल ते सुटेपर्यंत मोजायचंच नाही, असा नियम प्रोग्रॅममध्ये हवा.

मग खेळ खुला कधी करायचा? याची दोन प्रसिद्ध उत्तरं आहेत. ब्रिटनमध्ये 1962 साली सुरू झालेल्या ‘युनिव्हर्सिटी चॅलेंज’मध्ये प्रश्न अर्धा असतानाही बझर दाबता येतो, पण मध्येच तोडून उत्तर चुकलं तर 5 गुण कापले जातात. अमेरिकेतल्या ‘जेपर्डी’ने 1985 पासून वेगळी वाट धरली. प्रश्न वाचून संपेपर्यंत बझर बंद असतात, मग फलकाच्या कडेचे दिवे लागतात आणि त्याआधी घाई करणाऱ्याचं बटण पाव सेकंद निकामी होतं. 2011 मध्ये आयबीएमचा संगणक ‘वॉटसन’ तिथे माणसांशी खेळला, तेव्हा त्यालाही यांत्रिक दांड्याने खरोखरचं बटण दाबावं लागलं.

घरगुती मेळाव्याला मी निःसंकोच दुसरी पद्धत निवडेन. तिथे नातवंडं असतात, आजी असतात, आणि पूर्ण प्रश्न ऐकण्याचा हक्क सगळ्यांना आहे. प्रश्नकर्त्याच्या हातात एक बटण द्यावं, प्रश्न वाचून झाल्यावर त्याने ते दाबावं, सर्वांना दिसेल असा पांढरा दिवा लागावा आणि मगच बझर खुले व्हावेत. वय वाढलं की प्रतिक्रिया मंदावते, त्यामुळे प्रत्येक संघात लहान-मोठे मिसळलेले असावेत. ही विषमता कुठलंही सर्किट दुरुस्त करू शकत नाही.

टायमर एक नव्हे, दोन लागतात. खेळ खुला झाल्यावर कुणीतरी दाबावं यासाठी सात सेकंद आणि दाबणाऱ्याने उत्तर द्यावं यासाठी दहा. उत्तर चुकलं तर तो संघ बाद, बाकीच्यांसाठी पहिला टायमर उरलेल्या वेळापासून पुढे चालू. ही सगळी अवस्थांतरं आधी कागदावर चौकोन आणि बाण काढून मांडावीत. थांबलेला, वाचन, खुला, उत्तर, निकाल अशा पाच चौकोनांत खेळ बसतो.

जुन्या सर्किटांत वेळ मोजायला 555 ही चिप असे. हॅन्स कॅमेनझिंड यांनी 1971 मध्ये तिचा आराखडा केला आणि ती आजही विकली जाते. वेळ म्हणजे 1.1 गुणिले रेझिस्टर गुणिले कपॅसिटर. 91 किलो-ओहम आणि 100 मायक्रोफॅरड घेतले की जवळपास दहा सेकंद होतात. पण इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरच्या मूल्यात 20 टक्क्यांपर्यंत फरक असू शकतो, त्यामुळे हे दहा सेकंद प्रत्यक्षात आठ किंवा बारा निघू शकतात. स्पर्धेला मायक्रोकंट्रोलरचं घड्याळच बरं. वेळ मोठ्या आकड्यांत उलटी मोजत जावी. वेळ संपल्याचा आवाज सुरू होण्याआधी उत्तराचा पहिला शब्द तोंडातून निघाला असेल तर ते उत्तर ग्राह्य, हे आधीच ठरवून घ्यावं.

बटणं चारही एकाच बनावटीची, एकाच खेपेतली असावीत. मायक्रोस्विच असलेली, तळव्याने थापता येतील अशी घुमटाकार आर्केड बटणं उत्तम. वायर मंडपात दहा-दहा मीटर जाते आणि शेजारी रोषणाईच्या माळा असतात. चिपच्या आतला पुल-अप रेझिस्टर 20 ते 50 किलो-ओहमचा, म्हणजे फार अशक्त. बाहेरून एक किलो-ओहमचा लावावा आणि चिपजवळ 0.1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. नाहीतर न दाबताच बझर वाजतो आणि एका खोट्या आवाजाने यंत्रावरचा विश्वास उडतो. प्रत्येक संघाचा सूर वेगळा असावा. दिव्यांचे रंग वेगळे असले तरी शेजारी मोठा क्रमांक लिहावाच, कारण लाल-हिरवा सगळ्यांनाच ओळखू येत नाही.

आणखी एक सोय मला फार महत्त्वाची वाटते. कुलूप लागल्यावरही यंत्राने बाकीच्यांच्या दाबण्याची नोंद ठेवावी आणि पडद्यावर दाखवावं: दुसरा संघ 14 मिलिसेकंद मागे. ‘कौन बनेगा करोडपती’ 2000 साली सुरू झालं तेव्हा सर्वांत जलद बोटाच्या फेरीत स्पर्धकांच्या वेळा सेकंदाच्या शतांशापर्यंत पडद्यावर येत आणि हरलेल्याला आपण किती थोडक्यात हुकलो ते दिसे. आकडा समोर आला की मुलं भांडत नाहीत, पुढच्या प्रश्नाला सरसावून बसतात.

यंत्र तयार झाल्यावर त्याची एक परीक्षा घ्यावी. चारही संघांच्या इनपुट वायरी एकाच बटणाला जोडाव्यात, म्हणजे चौघांनी अगदी एकाच क्षणी दाबल्यासारखं होईल. मग ते बटण 200 वेळा दाबावं आणि प्रत्येक वेळी कोण जिंकलं ते वहीत लिहावं. प्रत्येक संघाच्या वाट्याला साधारण 50 विजय यायला हवेत. 40 ते 60 पर्यंतचा चढउतार नैसर्गिक. एखाद्याला 80 मिळाले तर पाहुण्यांना बोलावण्याआधी प्रोग्रॅम पुन्हा उघडावा आणि बटणं कोणत्या क्रमाने वाचली जाताहेत ते शोधावं.