लपलेला रेडिओ कसा शोधतात?

लपंडाव आपण सगळेच खेळतो. पण ज्यात माणूस लपत नाही, रेडिओ लपवतात, असाही एक खेळ आहे. त्याची माहिती मी सांगणार आहे.

हौस म्हणून स्वतःच्या यंत्रावरून दूरदूरच्या लोकांशी बोलणाऱ्यांना 'हॅम' म्हणतात. त्यासाठी परीक्षा देऊन सरकारी परवाना घ्यावा लागतो. हे लोक रानात संदेश सोडणारी छोटी यंत्रे लपवतात आणि ती शोधायची शर्यत लावतात. लपवलेल्या यंत्राला ते 'कोल्हा' म्हणतात. या खेळाची पहिली जागतिक स्पर्धा १९८० साली पोलंड देशात झाली.

मोठ्या स्पर्धेत पाच कोल्हे असतात. एकेक कोल्हा पाळीपाळीने एक मिनिट मोर्स लिपीत बोलतो, मग चार मिनिटे गप्प बसतो. पहिल्याच्या खुणेच्या शेवटी एक टिंब, दुसऱ्याच्या दोन, असं पाचव्यापर्यंत. टिंबं मोजली की कोण बोलतंय ते कळतं. खेळाडूजवळ रेडिओ, नकाशा आणि होकायंत्र असतं.

पण दिशा कशी कळते? हे मी आजोबांच्या ट्रान्झिस्टरवर करून पाहिलं. मीडियम वेव्हवर आकाशवाणीचं एक केंद्र लावलं आणि ट्रान्झिस्टर आडवा धरून सावकाश फिरवला. एका जागी आवाज एकदम बारीक झाला. आत एक काळी कांडी असते. तिचं टोक केंद्राकडे झालं की आवाज बसतो. मोठ्या आवाजाची जागा नीट सापडत नाही, बारीक आवाजाची मात्र बरोबर सापडते.

आजोबा म्हणाले, "केंद्र पूर्वेला." मी म्हणालो, "पश्चिमेला." कांडीला टोकं दोन, त्यामुळे कोण खरं ते ठरेना. मग मी नकाशावर आमच्या गावातून दोन्हीकडे जाणारी एकच रेघ मारली. सुट्टीत मामाच्या गावी जाऊन तिथूनही दुसरी रेघ मारली. जिथे दोन रेघा एकमेकींना कापतात, तिथे केंद्र!

पण माझ्या रेघा भलत्याच ठिकाणी, डोंगरात मिळाल्या. मी फार हिरमुसलो. गुरुजींनी विचारलं, "होकायंत्र कुठे ठेवलं होतंस?" मी म्हणालो, "ट्रान्झिस्टरवरच." गुरुजी हसले. ट्रान्झिस्टरच्या कर्ण्यात लोहचुंबक असतं, त्याने होकायंत्राची सुई फिरली होती. दोन्ही गावांतून पुन्हा मोजलं, तेव्हा रेघा केंद्राच्या शहराजवळ मिळाल्या. आणि आजोबांचंच खरं निघालं!

हा नुसता खेळ नाही बरं का. विदर्भात काही वाघांच्या गळ्यात रेडिओचा पट्टा बांधलेला असतो. त्याचा आवाज हातातल्या एरियलने ऐकत माणसं वाघ कुठे आहे ते शोधतात. विमान पडलं तर त्यातल्या यंत्राचा आवाज ऐकतही शोध घेतात. तिथे दिशा चुकली तर माणसं वाचवायला उशीर होतो.

तुम्हीही करून पाहा. होकायंत्र मात्र लांब ठेवा, आणि ट्रान्झिस्टर घरच्यांना विचारूनच घ्या!

— इयत्ता सातवी