फायनान्सच्या धंद्यासाठी एनआयसी कोड कसा निवडायचा? ६४, ६५ आणि ६६ मधला फरक समजून घ्या

बँकांना होम लोनचे ग्राहक मिळवून देणारा एजंट उद्यम नोंदणीचा फॉर्म भरतो. व्यवसायाचा एनआयसी कोड निवडताना 'कर्ज' हा शब्द दिसला की तोच कोड टाकून मोकळा होतो. खरं तर तो स्वतःच्या खिशातून कुणालाच कर्ज देत नाही. पण कागदावर तो कर्ज देणाऱ्यांच्या रांगेत जाऊन बसतो. उद्या चालू खातं उघडताना बँक विचारू शकते, कर्ज देताय तर परवाना कुठंय?

एनआयसी कोड म्हणजे काय?

एनआयसी म्हणजे राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरण. देशातल्या प्रत्येक कामधंद्याला यात एक क्रमांक दिलेला आहे. उद्यम नोंदणीसाठी २००८ ची यादी वापरतात. त्यात २१ विभाग असून वित्त आणि विमा हा 'के' विभाग आहे. कोड पाच आकडी असतो आणि डावीकडून उजवीकडे जाताना कामाचं वर्णन नेमकं होत जातं. उदाहरणार्थ, ६६ म्हणजे वित्तीय कामांना पूरक सेवा, ६६२ म्हणजे त्यातल्या विम्याशी संबंधित सेवा आणि ६६२२ म्हणजे विमा एजंट आणि ब्रोकर.

मग निवडायचा कसा?

स्वतःला एकच प्रश्न विचारा: पैसा कुणाचा आणि जोखीम कुणाची?

- स्वतःचा किंवा कंपनीचा पैसा कर्जाऊ देत असाल तर ६४. बँकेबाहेरचं कर्जवाटप ६४९२ मध्ये येतं.
- विम्याची जोखीम स्वतः घेत असाल तर ६५. हे काम विमा कंपन्यांचं.
- पैसा आणि जोखीम दुसऱ्याची, तुम्ही फक्त कमिशन किंवा फी घेत असाल तर ६६. शेअर ब्रोकर ६६१२ मध्ये, विमा एजंट ६६२२ मध्ये, फंड मॅनेजर ६६३० मध्ये. गुंतवणूक सल्लागार आणि कर्ज मिळवून देणारे एजंट ६६१९ मध्ये.

हिशेब लिहिणं, ऑडिट आणि टॅक्स सल्ला यांचा पैशाशी संबंध असला तरी ती कामं 'के' विभागात येत नाहीत. त्यांचा कोड ६९२० पासून सुरू होतो.

दुसऱ्याचा कोड कॉपी करू नका

कंपनीच्या २१ अक्षरी सीआयएनमध्ये पहिल्या अक्षरानंतरचे पाच आकडे उद्योगाचा कोड असतात. पुण्याच्या बजाज फायनान्सच्या सीआयएनमध्ये ते ६५९१० आहेत. आजच्या यादीत ६५ म्हणजे विमा, मग हे कसं? कारण २००८ च्या आधीच्या यादीत ६५ हा आकडा विमा सोडून इतर वित्तीय कामांसाठी होता. म्हणजे जुन्या कंपनीचा कोड बघून फॉर्म भरला, तर फायनान्सवाला थेट विम्यात जाऊन पोहोचेल.

कोड म्हणजे परवाना नव्हे

सगळ्यात मोठा गैरसमज इथंच होतो. ६४९२ कोड असलेलं उद्यम प्रमाणपत्र मिळालं म्हणून कर्ज वाटता येत नाही. एनबीएफसीला रिझर्व्ह बँकेची नोंदणी लागते. महाराष्ट्रात सावकारी करायची तर २०१४ च्या सावकारी कायद्याखाली परवाना लागतो. फी घेऊन गुंतवणुकीचा सल्ला द्यायचा तर सेबीकडे आणि विमा विकायचा तर आयआरडीएआयच्या नियमांप्रमाणे परवानगी घ्यावी लागते. कोड फक्त तुम्ही काय करता ते सांगतो, ते करायची परवानगी देत नाही.

जीएसटीचा कोडही वेगळा असतो. तिथं एसएसी चालतो आणि वित्तीय सेवांचा एसएसी ९९७१ पासून सुरू होतो.

चुकलंच तर?

उद्यम पोर्टलवर दुरुस्ती मोफत होते आणि एकापेक्षा जास्त कोडही जोडता येतात. त्यामुळे प्रमाणपत्र काढून एकदा बघाच. त्यावरचं कामाचं वर्णन आणि तुमच्या बिलावरचं वर्णन जुळत नसेल, तर बँकेने विचारायच्या आधी ते बदलून घ्या.