आधी पट्टी, मग पातेलं

मासा ताजा आहे का, हे ओळखायला आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. कल्ले उचलून लाली बघायची, डोळ्यांची चमक बघायची, अंगठ्याने दाबून मांस वर येतंय का ते बघायचं. पण अंगात पारा मुरलेला मासा या तिन्ही परीक्षांत पहिल्या नंबराने पास होतो! त्याला वेगळा वास नाही, वेगळी चव नाही. म्हणूनच अमेरिका आणि कॅनडा हे दोन देश पंचमहासरोवरांतले, म्हणजे ग्रेट लेक्समधले, मासे पन्नासेक वर्षं नेमाने तपासत आले आहेत. त्या तपासणीतल्या या काही चकित करणाऱ्या गोष्टी.

पाण्यात थेंब, माशात घागर

पीसीबी हे एके काळी ट्रान्सफॉर्मरच्या तेलात वापरलं जाणारं रसायन. सरोवराच्या पाण्यात ते इतकं कमी असतं की मोजणंही अवघड. पण सूक्ष्म शेवाळ ते शोषतं, शेवाळ खाणारे जीव ते साठवतात, त्यांना छोटा मासा खातो आणि छोट्याला मोठा. लेक ट्राउट या मोठ्या माशापर्यंत पोचताना पीसीबीचं प्रमाण पाण्याच्या सुमारे 28 लाख पट झालेलं असतं. मासे खाणाऱ्या हेरिंग गल या कुरव पक्ष्याच्या अंड्यात तर अडीच कोटी पट!

कानातल्या खड्यावर वय

अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था, म्हणजे ईपीए, या तपासणीसाठी साधारण 60 ते 70 सेंटिमीटर लांबीचे लेक ट्राउट निवडते. लेक ईरीत त्यांच्या जागी वॉलआय हा मासा. पाच-पाच मासे डोक्या-शेपटीसकट एकत्र दळायचे आणि त्या गोळ्याची तपासणी करायची. माशाच्या कानात एक इवलासा खडा असतो. तो कापून भिंगाखाली धरला की झाडाच्या खोडासारखी वर्तुळं दिसतात. त्यांवरून वय कळतं. वय महत्त्वाचं, कारण मासा जितका म्हातारा, तितकी वर्षं त्याने रसायन साठवलेलं. अख्खा मासा दळला की सरोवराची तब्येत कळते. माणसाने किती खावं हे ठरवायला मात्र खाण्याजोग्या मांसाचीच वेगळी तपासणी होते.

एका विद्यार्थ्याचा दणका

1970 साली नॉर्वाल्ड फिमराइट या नॉर्वेच्या विद्यार्थ्याने कॅनडात शिकत असताना लेक सेंट क्लेअरचे मासे तपासायला पाठवले. त्यांत भरमसाट पारा निघाला. त्याच वर्षी तिथली मासेमारी बंद करावी लागली आणि काठावरच्या कारखान्यांतून पाण्यात जाणाऱ्या पाऱ्याकडे सगळ्यांचं लक्ष वळलं. एका विद्यार्थ्याने विचारलेल्या प्रश्नामुळे किती ताटं वाचली असतील!

कारखाना नाही, तरी विष आहे

लेक सुपीरियरमध्ये आयल रॉयल नावाचं बेट आहे. त्या बेटावर सिस्किविट नावाचं एक तळं आहे. भोवती जंगल, ना कारखाना, ना शेती. तरीही तिथल्या माशांत पीसीबी आणि टॉक्साफीन सापडलं. टॉक्साफीन हे कीटकनाशक प्रामुख्याने शेकडो मैल दूर, दक्षिणेकडच्या कापसाच्या शेतांत फवारलं जायचं. ते वाऱ्यावर बसून आलं आणि पावसा-बर्फाबरोबर तळ्यात उतरलं. वाऱ्याला सीमा नसतात, म्हणून तपासणीही एका गावापुरती ठेवून भागत नाही.

फ्रीझरमधलं दप्तर

कॅनडातल्या बर्लिंग्टन गावी 1970च्या दशकापासूनचे माशांचे नमुने गोठवून जपले आहेत. तेव्हा पीएफओएस या रसायनाकडे कुणी बघतही नव्हतं. पुढे शंका आल्यावर शास्त्रज्ञांनी लेक ओंटारिओचे 1980 पासूनचे जपलेले ट्राउट तपासले आणि हे रसायन वर्षागणिक कसं बदलत गेलं ते हाती आलं. उद्याचा प्रश्न आज माहीत नसतो, पण त्याच्या उत्तराची सोय आज करून ठेवता येते.

सुरी कुठे चालते, कुठे नाही

हे मात्र आपल्या ओट्यावरचं. पीसीबी चरबीत बसतं. म्हणून कातडी काढायची, पाठीच्या कण्यावरची आणि पोटाकडची चरबी खरवडायची, कडेची काळपट पट्टी कापून टाकायची. मग जाळीवर भाजायचं आणि गळलेलं तेल फेकून द्यायचं. असं केलं की बरंचसं पीसीबी निघून जातं. कालवण केलं तर तीच चरबी रश्श्यात उतरते आणि आपण ती भाताबरोबर जेवतो. शिकागो-टोरांटोच्या मराठी घरांत सरोवरातला ट्राउट आला, तर ही एक गोष्ट आवर्जून लक्षात ठेवावी. ट्राउटची डोकी आणि गाबोळीही बाजूला ठेवलेली बरी.

पारा मात्र चरबीत नसतो, तो मांसातच बसतो. तिथे सुरी चालत नाही, तळण चालत नाही, चिंचेचा कोळही चालत नाही. उपाय दोनच: लहान मासा निवडा आणि कमी वेळा खा.

लहान मासा नेहमीच बिनधोक? नाही!

स्मेल्ट म्हणजे बोटाएवढा मासा. लेक सुपीरियरच्या काठावर वसंतात लोक तो जाळ्याने उपसतात आणि अख्खा तळून खातात. 2021 मध्ये विस्कॉन्सिनने सांगितलं, महिन्यातून एकदाच खा. कारण पीएफओएस. हे ना चरबीत बसतं, ना माशाच्या आकाराचा नियम पाळतं. प्रत्येक रसायनाचा स्वभाव निराळा, म्हणून मोजल्याशिवाय गत्यंतर नाही.

महिन्यातून किती वेळा?

ओंटारिओ प्रांताच्या तक्त्यात सरोवर, माशाची जात आणि लांबी बघितली की थेट उत्तर मिळतं: महिन्यातून 0, 1, 2, 4, 8 असं वाढत पार 32 वेळांपर्यंत. एकाच पाण्यातला लहान वॉलआय आठ वेळा चालेल आणि मोठा अजिबात नाही, असं होऊ शकतं. गरोदर होऊ शकणाऱ्या स्त्रिया आणि 15 वर्षांखालची मुलं यांच्यासाठी वेगळा, अधिक कडक रकाना आहे, कारण पारा वाढत्या मेंदूवर घाव घालतो.

ओगाचा रंगीत नकाशा

तिथल्या ओजिब्वे आदिवासींसाठी वॉलआय म्हणजे ‘ओगा’, पूर्वजांपासून चालत आलेलं अन्न. त्यांना ‘मासे खाऊ नका’ सांगणं म्हणजे त्यांच्या घरातलं काहीतरी हिरावून घेणंच. म्हणून त्यांच्याच आयोगाने तळ्यातळ्यातल्या माशांच्या पाऱ्यानुसार रंगीत नकाशे काढले. रंग बघायचा आणि कोणत्या तळ्यावर जायचं ते ठरवायचं. परंपराही राहते, पोरांचा मेंदूही सांभाळला जातो.

बंदी घातली, मासा बदलला

लेक ईरीचं सगळं पाणी बदलायला अडीच-तीन वर्षं लागतात, लेक सुपीरियरचं बदलायला जवळपास 190 वर्षं! म्हणून इथे चूक लवकर धुतली जात नाही. तरीही उमेद आहे. अमेरिकेने 1972 मध्ये डीडीटीवर आणि 1979 मध्ये पीसीबीच्या उत्पादनावर बंदी घातली. 1974 मध्ये लेक मिशिगनच्या ट्राउटमध्ये पीसीबी दर किलोला सुमारे 23 मिलिग्रॅम होतं. पुढच्या दशकांत ते 90 टक्क्यांहून जास्त घटलं. हे कळलं, कारण माणसं दरवर्षी जाळी टाकत राहिली आणि आकडे लिहीत राहिली.

मासा हे उत्तम अन्न आहे, ते सोडायचं कारण नाही. त्या सरोवरांच्या काठी राहणाऱ्याने स्वयंपाकघराच्या खणात सुरीशेजारी एक मोजपट्टी ठेवावी. आधी लांबी, मग तक्ता, मग खुशाल फोडणी.